वन्सं, तुमचा फोटो आणि ती रुंद फिल्म

वन्सं, आधी तुमच्या फोटोचं सांगते. रडणं-बिडणं नंतर. तुम्हाला ते आवडायचं नाही आणि मला ते शोभत नाही, नाक लाल होतं.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी घरात तुमचा एक धड फोटो सापडेना. सगळ्या लोणावळ्याचे फोटो काढलेत तुम्ही. शाळेच्या वर्गांचे, नवरा-नवरींचे, वडगावला तहसील कचेरीत कागद द्यायचेत म्हणून घाबऱ्याघुबऱ्या आलेल्या म्हाताऱ्यांचे. स्वतःचा एक नाही. शेवटी सईनं तुमच्या आधार कार्डावरचा फोटो मोबाइलवरून कुणाला तरी धाडला आणि तासाभरात फ्रेम होऊन आली. सई माझी नात, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे आणखी चार लोक वाचणार आहेत. त्यांना हेही सांगून ठेवते की वन्सं म्हणजे माझी नणंद. एकाच वयाच्या आम्ही, एका घरात जन्म काढला, तरी शेवटपर्यंत 'वहिनी, तुम्ही' आणि 'वन्सं, तुम्ही'. भांडतानासुद्धा.

तर तो फोटो. जांभळी पैठणी, मागं निळं आभाळ, गळ्यात मोत्याची माळ. चेहरा दुधात बुचकळून काढलेला. कपाळावरची ती आडवी आठी, जिचा सबंध बाजाराला धाक होता, तीही पुसलेली. पोरीनं धावपळ करून आणलेला होता. हार घातला, दिवा लावला.

दोन दिवसांनी हौसाबाई आली. नाणे मावळातली, आपल्याकडं भाजी घेऊन येते ती. टोपली दाराशी ठेवली, फोटोपुढं बसली, हात जोडले आणि माझ्याकडं सरकून हळूच म्हणाली, "मावशी, ह्या कोन म्हनायच्या?"

"अगं, वन्सं. तुमच्या फोटोवाल्या बाई."

तिनं पुन्हा निरखून बघितलं. "न्हाई वो. ह्या लय गोऱ्या हायत. ह्यास्नी म्या कदी बगितलं न्हाई."

मला हसू फुटलं. भरल्या घरात, सुतकात. सईला वाटलं आजीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण हसू ओसरल्यावर जे उरलं ते बरं नव्हतं. ज्या एका गोष्टीशी तुम्ही जन्मभर भांडलात तीच तुमच्या पाठीमागं तुमच्यावर केली होती आम्ही, आणि वर हार घातला होता. तेव्हाच ठरवलं, तेराव्याच्या आत हा फोटो उतरवायचा. त्या जागी कुठला लावायचा ते मला माहीत होतं. तो निघेल की नाही, ते माहीत नव्हतं.

आता जरा मागं जाते.

या घरात आले तेव्हा मी गोरी होते. म्हणजे, तेवढंच होते. स्वयंपाक बेताचा, शिवण त्याहून बेताचं, गाणं ऐकून शेजारी खिडक्या लावायचे; पण गोरी. आरशापुढून जाताना मान वळायची, आणि आरसा नसला तर पितळेच्या तांब्यात बघायची ही बया. लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत. मी इतकी पावडर थापली होती की फोटोत माझ्या जागी नुसता पांढरा गोळा आला, त्याला नथ. तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "वहिनी, तुम्ही यात आहात. मी स्वतः बघितलंय."

त्याच पहिल्या दिवाळीत मी तुम्हाला गोरं होण्याच्या मलमाची नळी भेट दिली. वर हेही सांगितलं की रोज रात्री लावा, मग बघा स्थळं कशी येतात! केवढी अक्कल! त्या वर्षी दोन ठिकाणांहून 'मुलगी चांगली आहे, पण रंग जरा' असा निरोप आलेला होता, आणि तुम्ही नळी घेतलीत, 'बरं' म्हणालात. आठवड्यानं मी विचारलं, काही फरक? तुम्ही कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी पुढं केलीत. "रोज लावतेय. अजून काळीच आहे." ती पिशवी अजून आहे, वन्सं. अजून काळीच आहे.

स्थळं यायची थांबली, तुम्ही स्टुडिओ काढलात, आणि मग गंमत बघा, दिवसभर तेच काम. फोटो काढून झाला की गिऱ्हाईक खाली वाकून म्हणायचं, "बाई, जरा उजळ करा." निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढा भाग उजळतो. तुम्ही दुसऱ्यांच्या मुलींच्या गालांवर पेन्सिल फिरवत राहिलात. पोटासाठी करत होतात आणि चिडत होतात. "माझा फोटो कुणी काढायचा नाही," म्हणायचात. "काढला की उजळणार. हात राहत नाही लोकांचा."

मग तो डबा आला. तुमचे दादा, म्हणजे माझे हे, गेल्यानंतरचं वर्ष, आपण दोघीच घरात. स्टुडिओ बंद करून फोटो मोठे करायचा एन्लार्जर आणि ते धुवायच्या बश्या तुम्ही माझ्या कोठीच्या खोलीत आणून टाकल्या होत्या. देहूरोडच्या एका जुन्या सामानवाल्याकडं तुम्ही कॅमेऱ्याच्या तिवईचा पाय शोधायला गेलात आणि पत्र्याचा गोल जड डबा घेऊन आलात. तो म्हणाला होता सिनेमाची फिल्म आहे. तुम्ही वरचं इंग्रजी वाचलंत आणि काही न बोलता पैसे दिलेत. ती विमानातून जमिनीचे फोटो घ्यायची फिल्म होती, इन्फ्रारेड. मराठीत अवरक्त म्हणतात म्हणे. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड तिला दिसतो. हिरवं जिवंत पान तो उजेड परत फेकतं, म्हणून फोटोत झाडं पांढरीशुभ्र येतात आणि आभाळ काळं. हे तुम्ही मला जेवताना सांगितलंत आणि आमटी घ्यायला विसरलात.

डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात गेला. मुदत केव्हाच उलटलेली फिल्म, थंडच ठेवायला हवी. माझे आंब्याच्या रसाचे डबे खाली आले. त्यावरून आपण दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "पण ही घालणार कशात?" कारण तुमचा तो दोन डोळ्यांचा कॅमेरा, वरच्या डोळ्यातून बघायचं आणि खालच्यानं फोटो घ्यायचा, त्याला लागते ती फिल्म हिच्यापेक्षा अरुंद. ही करंगळीच्या नखाएवढी जास्त रुंद, शिवाय दोन्ही कडांना भोकं.

तुम्ही म्हणालात, "कापायची."

"कशानं?"

तुमची नजर कोपऱ्यात गेली. तिथं माझा चिक्कीचा पाट उभा होता.

लांब, गुळगुळीत पाट. लाटणं एकाच जाडीवर फिरावं म्हणून दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या. एका पट्टीला फिल्मची कड टेकवायची, दुसऱ्या बाजूला सुताराकडून ठोकळा बसवून घेतलात, त्याच्या फटीत ब्लेड. फिल्म खालून ओढली की एका बाजूची जास्तीची कड भोकांसकट निघून यायची. ब्लेड तुमच्या दादांचं. ते गेल्यापासून दाढीच्या ब्लेडची पाकिटं कपाटात तशीच होती, मला टाकवत नव्हती. तुम्ही एक पाकीट फोडलंत. "दादाला बरं वाटेल. जिवंतपणी त्यानं घरात काकडीसुद्धा चिरली नाही."

या फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. कोठीच्या दाराला आतून घोंगडी लावली, फटींत जुने टॉवेल कोंबले. भर दुपारी असा अंधार, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हातानं चाचपून बघावं. तुम्ही डब्यातून फिल्म सोडायची, मी पलीकडून ओढायची. बरंच ओढून झालं, आणि अंधारातून तुमचा आवाज आला.

"वहिनी, तुपाचा वास कुठून येतोय?"

"पाटाला जरा हात लावलाय. चिकटू नये म्हणून."

मला दिसत नव्हतं, पण आठी ऐकू आली.

काय करू? पाट समोर आला की तुपाचा हात फिरवायचा, ही माझी जन्माची सवय. बरणी तिथंच फळीवर होती. हातानं मला विचारलंच नाही.

"किती झालीय ओढून?"

"बरीचशी."

"आता दिवाही लावता येत नाही मला तुमचं तोंड बघायला," तुम्ही म्हणालात. "हात पुसा. पुढची तरी कोरड्या हातानं." कापलेले तुकडे काळ्या पिशव्यांत गेले. तुपाचे कुठले, कोरडे कुठले, ते अंधारात सगळं एक झालं. पुढं दर वेळी तुम्ही जुन्या रोलचा जपून ठेवलेला कागद घ्यायचात, त्यावर एक तुकडा चिकटवून गुंडाळायचात आणि म्हणायचात, "बघू, आज प्रसाद आहे की उपास."

पहिला रोल आपण हौसाबाईच्या बांधावरच्या आंब्यावर घालवला. लोकलनं कामशेत, पुढं जीप. खालच्या डोळ्यावर ती काळपट लाल काच चढवलीत, तिच्यातून माणसाला काही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीला आकडे बघायची बारकी लाल खिडकी असते, ती काळ्या पट्टीनं बंद केलीत, कारण या फिल्मला तिथूनही उजेड लागतो. मग फिल्म पुढं किती सरकली ते किल्लीचे वेढे मोजून ठरवायचं. मोजायचं काम माझं. मी मध्येच हौसाबाईला वांग्यांचा भाव विचारायचे, मोजणी चुकायची, एका फोटोवर दुसरा बसायचा आणि तिची म्हैस आंब्यावर चढायची. त्या रोलमध्ये ती दोनदा चढली.

पण जे नीट आले, ते! आभाळ काजळासारखं आणि त्याच्यापुढं पांढराफेक आंबा. एका कडेला उरलेल्या भोकांची रांग, साडीला काठ असावा तशी. हौसाबाई फोटो हातात धरून म्हणाली, "आमचा आंबा म्हातारा झाला का काय वो, बाई?" आणि त्या पांढऱ्या झाडावर जागोजाग काळे ठिपके. जिथं माझं तूप लागलं होतं तिथं औषध पोचलं नव्हतं. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही चष्मा वर करून नीट बघितलंत आणि म्हणालात, "वहिनी, झाडाला दृष्ट लागेल म्हणून तीट लावलीत होय?"

पुढचा रोल गुंडाळायला अंधारात बसलो होतो तेव्हा तुम्ही आपणहून बोललात. उजेडात बोलला नसतात. "मला कुणी तीट लावली नाही लहानपणी. दादाला लावायचे. मी आईला म्हटलं मलापण लाव, तर सगळ्यांदेखत म्हणाली, तुला कशाला, तू अख्खीच तीट आहेस." आणि मग लगेच, "कात्री द्या." मी कात्री दिली. उत्तर द्यायला हवं होतं.

आपलं खरं भांडण त्यानंतरचं, आणि ते मिटलेलं नाही. तुम्ही त्या फिल्मवर माझा एक फोटो काढलात. सुरकुत्या सगळ्या गेल्या, कातडी मेणासारखी पांढरी, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. लग्नाच्या फोटोतला गोळा निदान प्रेमळ दिसत होता. ही हडळ होती. "घ्या तुमचं गोरेपण," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "वन्सं, ही फिल्म म्हणजे सोन्याची खाण. लग्नाचे फोटो हिच्यावर काढा, सगळ्या नवऱ्या गोऱ्या. पेन्सिलसुद्धा नको." तुम्ही भडकलात. ही कुणाला गोरं करत नाही, हिला रंग दिसतच नाही, काळी-गोरी तिला एकच. मी म्हटलं, मग वाईट काय? एकच दिसू देत. तुम्ही म्हणालात, एकच दिसतात ते पांढऱ्या बाजूला. सगळ्यांना काळं करणारी फिल्म निघाली की सांगा. मी म्हटलं, बसा तर खऱ्या समोर, तुमचा एक काढते. "मुळीच नाही. मला आजवर पुष्कळांनी उजळून पाहिलंय."

गेल्या कार्तिकात डब्यातला शेवटचा तुकडा निघाला. हौसाबाईकडं भाताची झोडणी चालली होती, हवेत सगळा भुसा. कॅमेरा तिवईवर, आंब्याच्या बुंध्यावर रोखलेला. एकच फोटो उरला होता आणि ऊन उतरत होतं. त्या लाल काचेवर भाताचं कुसळ बसलं म्हणून तुम्ही ती काढलीत आणि बुंध्याशी ठेवलेल्या कळशीतलं पाणी पदराला लावून पुसायला लागलात. मी कॅमेऱ्याच्या मागं. वरच्या डोळ्यात बघितलं तर तुम्ही, बरोबर मधोमध, आठी घालून, काच पुसताय. माझ्या अंगात जे वारं आहे ते आलं. तुमच्याच आवाजात, स्टुडिओतल्या, ओरडले, "हलू नका!"

आणि तुम्ही हलला नाहीत! जन्मभर लोकांना जे सांगितलंत ते कुणीतरी पहिल्यांदाच तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही मान वर करून तशाच थांबलात. काचेसाठी लावलेला तो सावकाश वेग, चिक्कीचा तुकडा तोंडात टाकावा एवढा वेळ, तेवढा संपूर्ण. मग ओरडलात. "वहिनी! काच माझ्या हातात आहे! केवढा उजेड गेला आत! शेवटची होती ती!"

घरी येऊन रोल धुतलात, उजेडाला धरलात. त्या फोटोची जागा काळीकुट्ट. "निगेटिव्ह काळी म्हणजे फोटो पांढरा," तुम्ही म्हणालात. "बघा. शेवटी तुम्हीपण उजळलंतच मला." ओरडून म्हणाला असतात तर मी उलट बोलले असते. हसून म्हणालात. निगेटिव्ह केराच्या टोपलीत टाकलीत. मी ती काढून चिक्कीच्या पाटामागं ठेवली, कारण मी तुमचं कधी ऐकलं आहे?

तुम्ही गेलात त्या दुपारबद्दल मी लिहिणार नाही. चहा केला होता, दोन कप, एवढंच.

सुतकात देवघर बंद असतं, कोठीची खोली नाही. हौसाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, तुमचा लाल दिवा लावला, बश्यांत औषधं ओतली. कागदाला हा दिवा चालतो. शेजारी बसून बसून एवढं शिकले होते. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली, तुम्ही द्यायचात तेवढा उजेड कागदाला दिला. कागद बशीत टाकला आणि हलवत बसले. काही नाही. कोरा. लग्नातला पांढरा गोळा, नथसुद्धा नाही. तुमचंच खरं होतं.

मी स्टुलावर बसले आणि काय सांगू, तुमच्यावरच रागावले. बघायचं तरी होतं एकदा नीट. मग डोक्यात आलं की निगेटिव्ह दाट आहे, उजेड आतून येतोय पण थेंबथेंब. पाक येत नाही म्हणून कुणी कढई उतरवत नाही, थांबतो आपण. तुमच्या घड्याळावर माझा विश्वास नाही. गूळ टाकल्यापासून पाक गोळीबंद होईपर्यंत जेवढी वाट बघते तेवढी बघितली, दिवा चालू ठेवून. हात शिवशिवत होते बंद करायला. नाही केला.

कागद बशीत गेला. आधी तुमच्या साडीचा काठ आला. मग बुंध्याची साल. मग हळूहळू, कोपऱ्यांकडून आत, तुम्ही आलात. सावळ्या. जशा होतात तशा. काच काढली की ही फिल्म इतर फिल्मसारखीच वागते, जवळजवळ. 'जवळजवळ' मुद्दाम लिहिते, नाहीतर तिथूनही चूक काढाल. हातात ती काच, कपाळावर आठी, डोळे थेट माझ्याकडं. एका कडेला भोकांची रांग. मी नाक लाल होईपर्यंत तिथंच बसले.

म्हणजे भांडणाचा तेवढा भाग मी जिंकले. मी तुम्हाला उजळलं नव्हतं, वन्सं. नुसता जास्त उजेड पडला होता, आणि तो परत काढता येत होता. हे तुम्हाला दाखवायचं राहिलं.

जांभळी पैठणी मी फ्रेममधून काढली. सईला वाईट वाटू नये म्हणून तिलाच खिळा ठोकायला लावला. तेराव्याला हौसाबाई आली, फोटो दिसल्याबरोबर तिनं पदर सावरला. "आगं बया, बाई! रागावल्यात का वो?"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर," म्हटलं.

सई जवळ जाऊन बघत होती. तिच्या लक्षात आलं. "आजी, इथं एक काळा डाग आहे बघ, कानाखाली. फोनवर दोन मिनिटांत काढते. परत छापून आणू."

मी चष्मा वर केला. अगदी बारीक, गोल. म्हणजे तो शेवटचा तुकडा तुपाचा निघाला होता.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "ती तीट आहे."

गालावर लावायची, वन्सं, ती कानाखाली गेलीय. अंधारात लावली मी, तेवढं चालवून घ्या.